मामांच्या गाडीचं गिअर ऑइल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. धाकट्या मामांचे. आईचे हे सर्वांत लहान भाऊ सोयगाव-औरंगाबाद मार्गावरच्या एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. (शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं, आणि घरात बोलताना आमच्या तोंडी अजूनही तेच येतं.) माझ्याआधी आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी कॉलेजसाठी शहरात आलो तेव्हा खोलीचं कसंबसं जमलं, जेवणाचं जमेना. मामांनी त्यावर चर्चा केली नाही. मामींनी पहाटे केलेल्या भाकरी-भाजीचा डबा ते आपल्या सीटमागच्या दांडीला अडकवून आणायचे आणि मी स्टँडवर उभा राहून तो घ्यायचो. त्यांची ड्यूटी दुसरीकडं लागली तर त्यांचा जोडीदार आणायचा. गाडी चुकली असेल, पण डबा चुकला नाही. मी बी.एस्सी. झालो तो असा. हे मी चारचौघांत सांगायला लागलो की मामा मान वळवून दुसरीकडं बघतात.

त्या नोकरीनं त्यांच्याकडून दोन गोष्टी घेतल्या. जुन्या लाल गाडीचा क्लच दगडासारखा जड. घाटातल्या प्रत्येक वळणाला तो दाबून दाबून मामांचा डावा गुडघा कायमचा गेला. आणि त्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, पत्र्याच्या झाकणाखाली धडधडत असायचं. त्यात कान गेले. निवृत्त झाले तेव्हा मामा लंगडत होते, आणि त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. कानाचं यंत्र घेतलं होतं, पण ते लावलं की "सगळं जग एकदम भांडाया येतं," म्हणून ते खिशात राहायचं. फोनचा उपयोग नव्हता. त्यामुळं आमच्यात पत्रं चालत राहिली. माझ्या बरोबरीच्या लोकांत पत्र लिहिणारा बहुतेक मी एकटाच उरलो होतो.

निवृत्तीनंतर ते सोयगावच्या घराच्या ओट्यावर बसून राहायचे. रस्त्यानं गाडी गेली की त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप गिअर टाकायचा. मामी वैतागायच्या. मला म्हणायच्या, "घरात मलाच गाडी करून टाकलंय ह्यांनी. जरा मागं घे, डावीकडं दाब, थांब, आता जाऊ दे. एक दिवस हॉर्नच वाजवते बघ मी."

मी तोवर मुकुंदवाडीला राहायला आलो होतो आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या तपासणी विभागात काम करत होतो. ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्यांची जुनी गाडी विकायला काढली. पावणेदोन लाख किलोमीटर फिरलेली, रंग उडालेली, पण ऑटोमॅटिक. म्हणजे गिअर आपोआप बदलणारे. क्लच नाहीच, डाव्या पायाला कामच नाही. ती मी घेतली आणि मामांच्या दारात नेऊन लावली.

मामा आत बसले, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "क्लच कुठाय?"

"नाही मामा. नसतोच हिला."

"चोरीला गेला का काय?"

गावाबाहेर एक चक्कर मारून आले तेव्हा चेहरा वेगळाच होता. डाव्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "ह्याला आता पेन्शन सुरू."

त्यानंतर मामा ओट्यावर दिसेनासे झाले. मामींना डोळ्यांच्या डॉक्टरकडं औरंगाबादला आणायचं, कुणाची बाळंतीण घरी सोडायची, कुणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं. गल्लीत कुणाला कुठं जायचं असलं की लोक "मामांना सांगा" म्हणायला लागले. माझे मामा अख्ख्या गल्लीचे मामा झाले. मामींची तक्रार आता उलटी होती: हा माणूस जेवायला सापडत नाही.

एका रविवारी मी सोयगावहून त्यांच्याबरोबर शहराकडं निघालो. फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट लागला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज एकदम चढला. चढला, पण गाडीचा वेग काही वाढला नाही. उलट ती रेंगाळली, मग एक झटका देऊन पुन्हा चालायला लागली. पुढच्या वळणावर तेच. मी मामांकडं पाहिलं. ते निवांत होते. त्यांना तो आवाज ऐकूच येत नव्हता.

"मामा, गाडी ओढत नाही!" मी ओरडलो.

"घाट हाय, भाचेराव. घाटात कुणीबी दमतंय."

घाट चढलो. पण तो आवाज पुढं कित्येक आठवडे माझ्या कानातून गेला नाही. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये लाल रंगाचं पातळ तेल असतं. सगळे त्याला गिअर ऑइल म्हणतात, पण ते नुसतं वंगण नसतं. तेच दाब देतं, तेच आतल्या चकत्यांना पकड देतं. ते बिघडलं तर गिअरबॉक्स संपला, आणि एवढ्या जुन्या गाडीचा तसला गिअरबॉक्स आमच्याकडं कुणी उघडायला तयार नसतं. गिअरबॉक्स गेला की गाडी भंगारात, आणि क्लचची गाडी मामांना चालवता येणार नाही. म्हणजे पुन्हा ओटा. मी बाजूच्या सीटवर बसून हाच हिशेब पुन्हा पुन्हा करत होतो, आणि मामा मला रस्त्याकडेची शेतं दाखवत होते.

गाडी आणि मामा दोघांनाही मी मुकुंदवाडीला ठेवून घेतलं आणि गिअर ऑइलच्या मागं लागलो.

पहिला मेकॅनिक आमच्याच भागातला. त्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "काका, एवढ्या चाललेल्या गाडीला हात लावू नका. जुनं तेल काढलं की गिअरबॉक्स बसतो. मी स्वतः दोन बसलेले बघितलेत." मोठ्या वर्कशॉपमधल्या गुळगुळीत काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, हे लाइफटाइम असतं. बदलायचंच नसतं." कुणाचं लाइफटाइम, असं मला विचारायचं होतं. शहागंजच्या बाजूला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, तर दुकानदारानं माझ्यापुढं पॉवर स्टिअरिंगची बाटली ठेवली.

"हे स्टिअरिंगचं आहे," मी म्हणालो.

"लाल हाय ना?"

"लाल आहे."

"तुमचं कसलं हाय?"

"लालच."

"मग? ले जाओ सेठ, कायकू सोचते."

मी ती घेतली नाही, पण रिकाम्या हातानं परतही आलो नाही. आठवडाभरात घरातल्या फळीवर तीन बाटल्या जमल्या. एक सगळ्यांत नवीन आणि महागडी, पाण्यासारखी पातळ. दुसरीवर लिहिलेलं की सगळ्या गाड्यांना चालतं. तिसरी जुन्या जातीची, धुळीनं माखलेली. गाडीबरोबर मिळणारं पुस्तक डॉक्टरांकडून हरवलं होतं. गिअर ऑइल मोजायच्या पट्टीवर, म्हणजे डिपस्टिकच्या कडीवर, तेलाचा प्रकार कोरलेला होता, पण अर्धी अक्षरं झिजलेली. ती मी कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासून उमटवली. कंपनीतल्या सवयीनं तेलाचा एक थेंब टिपकागदावर सोडून त्याचा डाग बघितला, वास घेतला. किंचित करपट वाटला. मग वाटलं, आपल्यालाच वाटत असेल. जेवताना पुन्हा उठून वास घेऊन आलो.

बायको बघत होती. शेवटी म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा पोहे खाऊन लगेच होकार दिलात. ह्या तेलाचं इतकं काय चाललंय?"

मामा तिकडं वेगळेच अस्वस्थ. रोज सकाळी आंघोळ करून, शर्टाची बटणं लावून तयार. "आज निघू का? तिकडं लोक खोळंबलेत." मी उद्या म्हणायचो. त्यांना नीट सांगावं तर ओरडून सांगावं लागे, आणि ओरडून सांगितलेली गोष्ट शांतपणे सांगितली असं होत नाही. त्यातच पुण्याहून मामांच्या मुलाचा फोन आला. तो मला दादा म्हणतो. "दादा, खरं सांगतो, ती गाडी द्यायलाच नको होती तू. त्यांना ऐकू येत नाही, गाडी खटारा, आणि मध्ये घाट. उद्या काही झालं तर?" त्याचं चुकीचं नव्हतं. फोन ठेवून मी पुन्हा बाटल्यांसमोर जाऊन बसलो.

अखेर कंपनीतल्या एकानं मला रेल्वे स्टेशनजवळच्या एका चाचांकडं पाठवलं. गॅरेज म्हणजे लिंबाखालची एक शेड. परदेशातून परतलेल्या लोकांच्या ऑटोमॅटिक गाड्या ते बरीच वर्षं बघत आले होते. त्यांनी तिन्ही बाटल्या हातात घेतल्या आणि मी न विचारताच हसले.

"तीन लाए? बारात है क्या?"

मग सांगितलं ते असं. फार चाललेल्या गाडीत जुन्या तेलात चकत्यांची झिजलेली भुकटी असते, आणि तीच थोडीफार पकड धरून असते. मशीन लावून सगळं तेल काढलं तर पकड सुटते. पण काहीच केलं नाही तरी ते तेल एक दिवस साथ सोडणारच. "पूरा नक्को निकालो. नीचे जित्ता आता, उत्ताच निकालो, उत्ताच नया डालो. बाकी अंदर रहन दो." नवीन पातळ तेल जुन्या गाडीला नको, सगळ्यांना चालणारंही नको. पेन्सिलीनं उमटवलेला माझा कागद त्यांनी उन्हात धरला आणि तिसरी, धुळकट बाटली उचलली. तिच्या मागच्या बाजूला तीच अक्षरं होती.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे विरजणच की. थोडं जुनं ठेवून त्यात नवीन." मला ते पटलं. इतके दिवस वाचून जे पटत नव्हतं ते तिच्या एका वाक्यात पटलं आणि त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी काम झालं. खालचा नट काढायच्या आधी चाचांनी इंजिन चालू ठेवून पट्टी काढून पाहिली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. तेल खुणेच्या बरंच खाली होतं. गळती कुठं दिसेना. "पहले मालिक ने कम रखा होगा," ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनी ते मान्य केलं. अर्धं बदललं, खुणेपर्यंत भरलं. मामांनी गाडी घाटाकडं नेली आणि मामींचा फोन आला: सुखरूप पोचले, गाडी लोण्यासारखी चालली.

मला वाटलं, सुटलो.

महिनाभरानं पुन्हा मामींचाच फोन. त्या हळू बोलत होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडं येताना घाटात गाडी थांबली होती. मामांनी पाय दाबला, इंजिन ओरडलं, आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी मागं सरकली. मागं एक ट्रक होता. ट्रकवाल्यानं वेळेत ब्रेक मारला आणि उतरून मामांना नको नको ते बोलला. "ह्यांना काय ऐकू आलं नाय ते बरं झालं," मामी म्हणाल्या, "पण तोंड बघून कळलंच की रे त्यांना." हे पुण्यालाही कळलं. मुलगा म्हणाला, दिवाळीला येतो, तेव्हा गाडी विकूनच परत जाणार. दिवाळी तोंडावर आली होती.

कशीबशी, थांबत थांबत गाडी शहरात आली. चाचांनी पट्टी काढली. तेल पुन्हा खाली. जेवढं आधी होतं, जवळजवळ तेवढंच खाली. त्यांनी गाडीखाली पुठ्ठा अंथरला, संध्याकाळपर्यंत एक थेंब पडला नाही. तेल थंड करणारी नळी रेडिएटरमधून जाते, तिथं फुटून पाण्यात मिसळतं का तेही बघितलं. पाणी स्वच्छ.

"जमीन पे गिरा नहीं, पानी में मिला नहीं. उड़ गया क्या?" चाचा पहिल्यांदाच गोंधळलेले दिसले. गिअरबॉक्स मात्र अजून शाबूत आहे, पण असाच कोरडा पळवला तर पुढच्या वेळी राहणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी पुन्हा खुणेपर्यंत भरलं. उरलेली अर्धी बाटली माझ्या हातात दिली.

मी रजा टाकली आणि मामा-मामींबरोबर सोयगावला गेलो. घाटात मी सीट घट्ट धरून आवाज ऐकत होतो. खाली पोचल्यावर मुद्दाम गाडी वळवून पुन्हा वरपर्यंत नेली, तर एका दमात चढली. काहीच कळेना. संध्याकाळी मी तीनदा वाकून गाडीखाली बघितलं. मामा ओट्यावरून म्हणाले, "भाचेराव, अंडं घातलंय का बघताय?"

सकाळी मी चहा घेऊन अंगणात आलो तर बॉनेट उघडं होतं. मामा रोजच्यासारखे, गाडी चालू करायच्या आधी, तेल-पाणी बघत होते. डेपोत त्यांची हीच शिस्त होती. पहिला स्टार्ट मारायच्या आधी, थंड इंजिनावर, पट्टी पुसून तेल बघायचं. त्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. आयुष्यभरात तेलापायी त्यांची गाडी कधी रस्त्यात उभी राहिली नव्हती, आणि ही त्यांच्या अभिमानाची गोष्ट होती. इंजिनाची पट्टी बघून झाली. मग त्यांनी गिअरबॉक्सची पट्टी काढली, पुसली, बुडवली, पुन्हा काढली आणि शेजारच्या तात्यांना दाखवली.

"हे बघा. पुन्हा जास्त भरलंय. औरंगाबादच्या मेकॅनिकला माप म्हणून कळत नाय. बाटली संपवायची लई घाई."

तेल खरंच खुणेच्या बरंच वर होतं. मामांनी खिशातून सलाइनची एक लांब नळी काढली, पट्टीच्या भोकात सोडली, तिच्या तोंडाला जनावरांना इंजेक्शन द्यायची मोठी सिरिंज लावली आणि अगदी सावकाश, एक थेंब न सांडता, तेल ओढून बाटलीत भरायला सुरुवात केली. मधेमधे पट्टी बघत. बरोबर खुणेवर आणून थांबले. बाटली तात्यांना दिली. "मळणी यंत्राच्या साखळीला घाला. मागच्या बारीचं संपलं का?"

माझा चहा हातातच राहिला.

इंजिनाचं तेल बंद, थंड गाडीत बघतात. या गिअरबॉक्सचं तेल बघायचं असतं गाडी फिरवून आणल्यावर, गरम असताना, इंजिन चालू ठेवून. इंजिन बंद असलं की वरचं तेल खाली उतरतं आणि माप जास्त दिसतं. मामा प्रत्येक वेळी ते जास्तीचं समजून काढून टाकत होते. गाडी आली तेव्हाही त्यांनी हेच केलं असणार. निष्काळजी ड्रायव्हरच्या हातात ती गाडी खुशाल चालली असती. जो माणूस रोज तेल बघतो, त्याच्याच हातून ती कोरडी पडत होती.

सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार. तात्या समोर, पलीकडच्या ओट्यावर दोघं दात घासत बसलेले, नळावर बायका. मामांना त्यांच्या घरात कानात सांगता येईल अशी एकही गोष्ट उरली नव्हती. जे सांगाल ते गल्लीला सांगाल. आणि सांगायचं काय, तर या माणसाला तेल बघता येत नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन मामींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी सांगायला नको. मी सांगितलं तर म्हणतील, तू कधी स्टिअरिंग धरलंस? तू लिही. तुझं लिहिलेलं ते मान खाली घालून वाचतात."

"पण पत्र येईपर्यंत गाडी बाहेर काढली तर?"

"किल्ली गव्हाच्या कोठीत टाकते. हुडकू दे." आणि मग, पदर तोंडाला लावून, "तेवढंच दोन दिवस घरी जेवतील."

परतीच्या प्रवासात मी मनातल्या मनात लिहीत होतो. घरी येऊन चार वेळा लिहिलं. पहिलं फार शिकवल्यासारखं झालं, दुसऱ्यात इतकी माफी मागितली की मूळ गोष्टच सापडेना. चौथं टाकलं आणि लगेच वाटलं तिसरं बरं होतं. पत्र पोचेल तोवर मामा किल्ली शोधून काढतील, घाटाला लागतील, मागं ट्रक असेल, असं काहीबाही डोळ्यांसमोर येत राहिलं. कंपनीत एका बॅचचा आकडा मी दोनदा चुकीचा लिहिला.

मामांनी पत्राला उत्तर दिलं नाही. शनिवारी मी सोयगावच्या स्टँडवर उतरून चालत गल्लीत आलो तर गाडी दारात होती, बॉनेट उघडं आणि इंजिन चालू. मामा पट्टी उन्हात धरून तात्यांना सांगत होते, "हिचं तेल चालू इंजिनावर बघायचं असतं. बंद करून बघितलं की फसवती. ठाऊक पाहिजे माणसाला." तात्यांनी विचारलं, मग मळणी यंत्राच्या साखळीचं काय? मामा म्हणाले, "इकत आणा की. मी काय तेलाची गिरणी घातलीय का?" मला बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

दिवाळीत मुलगा आला. मामा त्याला घेऊन घाट चढून गेले आणि उतरून आले. विकायचं त्यानं पुन्हा काढलं नाही, जाताना मला एवढंच म्हणाला, "दादा, तू येत जा अधूनमधून, गाडीचा आवाज ऐकायला." गाडी पुढं बरीच वर्षं चालली.

माझ्याकडं त्या पत्राची तिसरी प्रत राहिली आहे. टाकलेल्या पत्रात आणि हिच्यात चार-दोन शब्दांचाच फरक असेल.

"मामा,

नमस्कार. कागद मोठा झालाय, चष्मा लावून सावकाश वाचा, आणि वाचताना शेजारी कुणी नसलं तर बरं.

त्या दिवशी सकाळी तुम्ही गिअरबॉक्समधलं तेल काढताना मी पाहिलं. इतक्या स्वच्छ हातानं कुणी तेल काढताना मी बघितलं नव्हतं. पण मामा, ते तेल जास्त नव्हतं. गाडी घाटात मागं सरकली ती ते कमी पडल्यामुळं. मी तिथंच सांगणार होतो, पण मला ओरडावं लागलं असतं, आणि ही गोष्ट तुमची-माझी आहे.

लाल गाडीच्या इंजिनाला तुम्ही जसं बघत होता तेच बरोबर, आणि हिच्या इंजिनालाही तसंच बघायचं. फक्त हिचा गिअरबॉक्स उलट्या डोक्याचा आहे. आपल्या विहिरीवरची मोटार बंद केली की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं आणि विहीर भरलेली दिसते, तसं याचं होतं. इंजिन बंद असलं की वरचं तेल खाली येतं आणि पट्टीवर जास्त दिसतं. चालू केलं की ते वर जातं आणि खाली काही उरत नाही. गाडी तुमच्या ताब्यात दिली तेव्हा हे मला माहीत असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. चाचांना माहीत होतं, पण तेल तुम्ही स्वतः रोज बघता हे त्यांना कुठं माहीत होतं? आजकाल कुणी बघत नाही.

आता असं करा. अर्धी बाटली मी मामींकडं ठेवून आलो आहे. गाडी सपाट जागी लावा, चालू करा, थोडी गरम होऊ द्या. ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या जागांवरून एकदा फिरवून पुन्हा पार्कवर आणा. हँडब्रेक ओढा. इंजिन चालूच ठेवून पट्टी काढा, पुसा, बघा. खाली असेल तर थोडं थोडं ओता आणि प्रत्येक वेळी बघा. गावातल्या गावात एक चक्कर मारून आल्यावर पुन्हा एकदा बघा, कारण खरं माप गरम झाल्यावरचं. दुसरं कुठलंही लाल तेल घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि हे काम गॅरेजला देऊ नका. तुमच्याइतकं जपून ते कुणी करणार नाही.

तुमच्या मुलाला भीती वाटते, ती खोटी नाही. त्यानं दिवाळीत तुमच्या शेजारी बसून घाट बघावा असं मला वाटतं. त्याआधी आपण दोघं बघू. शनिवारी मी सकाळच्या गाडीनं येतो. चालवणार तुम्ही. इंजिनाचा आवाज मी ऐकेन. नुसता आवाज वाढला आणि गाडी ओढेना, तर मी तुमच्या खांद्यावर हात ठेवीन. तेव्हा पाय काढा आणि गाडी कडेला घ्या. नाही ठेवला, तर वरपर्यंत चला.

तुमचा भाचा"